शेततळ्यात बोटुकली, तळ्यात मासा, तुरीला पाणी



सध्या जिकडे जावं तिकडे 'एकात्मिक मत्स्यशेती'चं पत्रक हातात पडतं. चित्र नेहमी तेच असतं. मधे गोल तळं, तळ्यावर बदकं, काठावर केळी, पाण्यावर लाकडी खांबांवर कोंबड्यांचा खुराडा, मागं गोठा, आणि एक हसरा शेतकरी हातात कटला धरून उभा. चित्र खोटं नाही. बंगालात, ओडिशात, केरळात असं काम चालतं आणि चांगलं चालतं. पण त्या चित्रातल्या तळ्यात बारा महिने पाणी असतं, हे पत्रकात कुठं लिहिलेलं नसतं.

आपल्याकडं काय असतं? बिदरला सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कलबुर्गीकडं त्याहून शंभरएक मिलिमीटर कमी, आणि तोही जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात परतीचा आला तर आला. लहान तळी फेब्रुवारीत उघडी पडायला लागतात, एप्रिलमध्ये त्यात गुरं बसतात. मांजरा, कारंजा, मुल्लामारी, बेण्णेतोरा, अमरजा, भीमा, नावं घ्यायला नद्या भरपूर आहेत. पण मे महिन्यात यांच्या पात्रातून पायात चप्पल घालून पलीकडं जाता येतं, हे आपण सगळे जाणतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच मांजराच्या वरच्या अंगाला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आणि २०२० च्या ऑक्टोबरात त्याच आपल्या मुलखात भीमेनं गावंच्या गावं पाण्यात घातली. अशा ठिकाणी मासा, पीक, गुरं आणि पाणी यांची सांगड घालायची तर ती आपल्या पावसाच्या चालीनं घालावी लागेल. पत्रकातलं चित्र इथं जसंच्या तसं उतरायचं नाही.

आमचं मत थोडक्यात असं: शेततळ्यात विक्रीचा मासा वाढवायच्या मागं लागू नका. शेततळ्यात बोटुकली वाढवा. ती बोटुकली सोसायटीच्या तळ्यात सोडा. आणि शेततळ्यातलं पाणी तुरीला द्या. आता हे का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण गेल्या बैठकीत यावर बराच आवाज झाला होता.

आपल्या तळ्यांचं खरं दुखणं बी हे आहे. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन करून दाखवलं, त्यामुळं नदीतून बी गोळा करायची गरज संपली. १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यासाठीच. कटला, रोहू, मृगळ आज कुठल्याही बीज केंद्रावर तयार होतात. पण ते बी आपल्यापर्यंत लांबून येतं, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून, रात्रभराच्या प्रवासानं. इंचभर बी स्वस्त पडतं म्हणून आपण तेच घेतो, आणि भरलेल्या तळ्यात ओततो. त्या तळ्यात आधीच मरळ बसलेला असतो, शिंगटा असतो, पाणकावळे टपलेले असतात. इंचभर बी म्हणजे त्यांच्यासाठी शेवचिवडा. आपण मोजतो दहा हजार सोडले, हाती लागतात किती ते फेब्रुवारीत जाळं ओढल्यावर कळतं.

चार इंचांची बोटुकली सोडली की गोष्ट बदलते. ती पळून जाऊ शकते, अन्न शोधू शकते, आणि मुख्य म्हणजे तिचे पहिले दोन महिने वाचलेले असतात. ज्या तळ्यात जेमतेम सहा-सात महिने पाणी टिकतं, तिथं दोन महिने म्हणजे फार झाले. पाव किलोवर जाळं ओढायचं की पाऊण किलोवर, हे त्या दोन महिन्यांवर ठरतं. पण चार इंची बोटुकली विकत घेऊन लांबून आणायची म्हणजे एका पिशवीत मावतात मोजक्या, गाडीभाडं वाढतं आणि वाटेत मरतात त्या वेगळ्याच. म्हणून ती आपल्या शिवारातच वाढायला पाहिजे. आणि ती वाढवायला जागा आता आपल्या शिवारात पुष्कळ आहेत.

कृषी भाग्य योजनेत २०१४ पासून आपल्या कोरडवाहू तालुक्यांत शेततळी झाली. आपण त्याला कृषी होंडच म्हणतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, चिंचोळी, कुठंही जा, काळा किंवा निळा कागद अंथरलेला चौकोन दिसतोच. त्यातली काही आज कागद फाटून कोरडी पडलीत, काहींत पाणी आहे पण त्याचं करायचं काय हे मालकाला ठरवता आलेलं नाही.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असं शेततळं घ्या. बाजू उतरत्या असल्यानं त्यात बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. पाण्याची जागा नऊ गुंठे. आता यात विक्रीचा मासा करायचा म्हटलं तर पाचशे बोटुकली सोडा, सगळं नीट झालं तर आठ महिन्यांनी दोनशे किलोच्या आसपास मासळी. पण आठ महिने पाणी ठेवायचं म्हणजे तुरीला द्यायचं नाही. दिलं तर मासा मरतो, नाही दिलं तर तूर वाळते. शेततळ्यातल्या मासेपालनाला आपल्याकडं शेतकरी कंटाळला तो या ओढाताणीमुळंच, आळसामुळं नाही.

बोटुकलीचं तसं नाही. तिचं वेळापत्रक तुरीशी जुळतं.

जुलैच्या मध्यापर्यंत शेततळ्यात निदान पाच-सहा फूट पाणी येतं. जुलै संपता संपता इंचभर बी सोडायचं. ऑगस्ट, सप्टेंबर आणि थोडा ऑक्टोबर, दोन ते अडीच महिन्यांत ती बोटुकली होते. तोवर मोठं तळं भरलेलं असतं. बोटुकली काढून तिकडं सोडायची. आणि तूर फुलावर येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेंग भरते त्याच्या पुढं. नेमक्या त्या वेळी शेततळं मोकळं असतं. एका एकराला स्प्रिंकलरनं पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. पावसाळा संपल्यावर बाष्पीभवन धरूनही शेततळ्यात बारा लाख लिटर उरलं तर सहा एकर तुरीला एक पाळी होते. फुलात एक पाळी मिळालेली तूर आणि न मिळालेली तूर यांतला फरक आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. 'कलबुर्गी तूर डाळ' म्हणून २०१९ मध्ये जिला भौगोलिक मानांकन मिळालं ती आपली तूर आभाळाकडं बघूनच वाढते.

अजून एक गोष्ट जुळते, ती महत्त्वाची आहे. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आली की फवारे सुरू होतात. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या जातीची औषधं माणसाला एकवेळ सोसतील, माशाला थेंबभरही सोसत नाहीत. पंप शेततळ्यात बुडवून धुतला की संपलं, सकाळी पांढरी पोटं वर. ऑक्टोबरमध्ये बोटुकली निघून गेली तर ही भानगडच उरत नाही. राहतो तो ऑगस्टातला सोयाबीनचा आणि उडदाचा फवारा. तेवढ्यापुरतं वाऱ्याकडं बघणं, बांधाच्या दहा-पंधरा पावलं आत फवारा न नेणं आणि पंप लांब नेऊन धुणं एवढं शेतकऱ्यानं सांभाळायचं. ज्याला हे जमणार नाही त्याच्या शेततळ्यात बी सोडू नये, मग तो कितीही जवळचा असो.

आता आकडा सांगतो. संगोपन तळ्यात हेक्टरी दोन-तीन लाख बी सोडतात असं शास्त्र सांगतं. नऊ गुंठ्यांना ते वीस-पंचवीस हजार होईल. आमचं म्हणणं, पहिल्या वर्षी दहा हजारच सोडा. त्यातून सहा हजार बोटुकली निघाली तरी हेक्टरी दोन हजारांच्या हिशेबानं तीन हेक्टर तळ्याला पुरतात. अशी चार शेततळी एका सोसायटीच्या तळ्याभोवती असली तर बियासाठी कुणाचं तोंड बघायला नको.

काम अवघड नाही, पण रोजचं आहे. बी यायच्या आठ-दहा दिवस आधी शेण टाकून पाणी हिरवं करायचं. कागदाच्या शेततळ्याला मातीचा तळ नसतो, म्हणून नैसर्गिक खाद्य सगळं पाण्यातच तयार व्हावं लागतं. शेण सुटं फेकू नका, गोणीत भरून एका कोपऱ्यात लोंबतं ठेवा, म्हणजे नको तेव्हा बाहेर काढता येतं. किती टाकायचं? हेक्टरी वर्षाला पंधरा टन धरलं तर नऊ गुंठ्यांना रोज चार किलोच्या आतबाहेर येतं. म्हणजे एका देवणी गाईच्या शेणाचा तिसरा हिस्सा. पत्रकात गोठा मोठा आणि तळं लहान दाखवतात, प्रत्यक्षात एक गाय पुरून उरते. बाकी शेण उकिरड्यावर जाऊ द्या, शेताला त्याचीच गरज जास्त आहे. पाणी किती हिरवं झालं ते बघायला यंत्र नको. हात कोपरापर्यंत बुडवा. कोपर पाण्याला लागताना तळवा दिसेनासा झाला तर बरोबर. मनगट बुडतानाच दिसेनासा झाला तर शेणाची गोणी बाहेर काढा. आणि आभाळ दोन-तीन दिवस भरलेलं असेल तर शेण आणि पेंड दोन्ही बंद. त्या दिवसांत पहाटे मासा तोंड वर काढून हवा पिताना दिसला की ताबडतोब मोटार लावून तेच पाणी त्याच तळ्यात उंचावरून पाडायचं. हे काम सूर्य वर येईपर्यंत थांबवून ठेवू नका.

बी सोडताना पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. घाईनं ओतलेलं बी संध्याकाळपर्यंत तळाला बसतं आणि आपण व्यापाऱ्याला शिव्या देतो. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा समभाग, दिवसातून दोनदा, ठरलेल्या कोपऱ्यात. घरातल्या बायका हे काम पुरुषांपेक्षा नेमानं करतात, हे आम्ही उगीच कौतुक म्हणून लिहीत नाही; ज्या घरी बायकांनी पेंड टाकली त्या घरची बोटुकली सारख्या आकाराची निघते, हे मोजताना दिसतं.

एक धोका मात्र मोठ्या अक्षरांत सांगायला हवा. कागदाच्या शेततळ्याची बाजू निसरडी असते. पोहणारा माणूसही आत पडला तर वर येऊ शकत नाही. लहान मुलं, गुरं यात गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला, एक टायर, आणि भोवती कुंपण. हे नसेल तिथं सोसायटीनं बी देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोंबड्यांचं काय, असं तरुण मंडळी विचारतात. पाण्यावर खुराडा बांधला की विष्ठा थेट पाण्यात, खाद्याचा खर्च शून्य. हेक्टरी पाचशे पक्षी म्हणतात, म्हणजे नऊ गुंठ्यांना चाळीस-पंचेचाळीस. गिरिराज कोंबडी परसात छान वाढते, तिला आमचा विरोध नाही. पण आपल्या शेततळ्याचं पाणी पुढं कोथिंबिरीवर, मेथीवर, काकडीवर जातं, त्याच पाण्यावर म्हशी येतात. कच्ची विष्ठा, त्यात कोंबड्यांना दिलेली औषधं, आणि तेच पाणी कच्च्या खायच्या भाजीवर हे आम्हाला पटत नाही. कोंबड्या काठावर ठेवा, त्यांचं खत कुजवा, मग वापरा. बदकं ज्यांना पाळायची त्यांनी खुशाल पाळावीत, वीस-पंचवीस पुरेत, पण बोटुकली तळ्यात असताना सोडू नका. बदक इंचभर माशाला सोडत नाही.

'माशाच्या पाण्यानं युरिया वाचतो' असंही ऐकायला मिळतं. थोडं खरं, बरंच फुगवलेलं. माशाच्या विष्ठेतून पाण्यात नत्र उतरतं, पण बोटुकलीच्या तळ्यात ते फार नसतं. शिवाय तूर हे डाळीचं पीक, नत्र ती मुळांच्या गाठींतून स्वतःच मिळवते. त्या पाण्याचा फायदा पालेभाजी, कांदा, गवताला जास्त दिसतो. खरा कस असतो तळाच्या गाळात. शेततळं रिकामं झालं की तो गाळ खरवडून वाफ्यात टाका. आणि हिरवं पाणी सरळ ठिबकला जोडू नका, शेवाळानं नळ्या तुंबतात. वाळूचा फिल्टर लावा, रोज उलटा धुवा, नाहीतर पाटानं द्या.

हे झालं शेततळ्याचं. मोठ्या तळ्याचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तिथं शास्त्र आहे तसं भांडणही आहे.

आपल्याकडं मोठ्या आयकटाची तळी मत्स्य खात्याच्या ठेक्यानं मिळतात, लहान तळी ग्रामपंचायतीच्या. ठेका मासे धरायचा असतो, पाण्याचा नसतो. पाणी शेतकऱ्यांचं, पाटबंधाऱ्याचं, गावच्या नळाचं. आम्ही याला ना म्हणत नाही. पिण्याचं पाणी पहिलं, गुरांचं दुसरं, यावर आमच्यात कधी दुमत नव्हतं. कारंजा धरणात साडेसात टीएमसीहून जास्त पाणी मावतं आणि त्यावर बिदर शहराची तहान भागते, तिथं मासेमारी पिण्याच्या पाण्याच्या पुढं जाऊ शकत नाही आणि जाऊ नये. पण लहान तळ्यांवर जे चालतं ते वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत एका तळ्यावर जानेवारीच्या शेवटी काठाला एकाच आठवड्यात नव्या मोटारी बसल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. बारा दिवसांत पाणी गुडघ्यावर आलं. अर्धा किलोचा मासा, अजून दोन महिने मिळाले असते तर किलोचा झाला असता. तो दोन दिवसांत, पडेल त्या भावानं, बर्फाविना विकावा लागला. ज्या घरांची वर्षाची कमाई त्यात होती, ती घरं त्या महिन्यात कुलूप लावून पुण्याला आणि हैदराबादला बांधकामावर गेली. पोरांच्या शाळा तशाच सुटल्या. आम्ही नाव कुणाचं घेत नाही. मोटारी लावणाऱ्याचीही ज्वारी आणि हरभरा वाळत होता, तोही काही चैन करत नव्हता.

म्हणून आमची मागणी आहे ती 'माशाच्या पाण्याच्या रेघेची'. तळ्याच्या तुमावर किंवा बांधाच्या दगडावर रंगानं एक रेघ मारा. तळ्याच्या सगळ्यात खोल जागी पाच फूट पाणी उरतं ती पातळी. तिच्या वर पाणी शेतकऱ्यांचं, ठरलेल्या पाळ्यांनी. रेघेच्या खाली मोटार नाही, फक्त माणसाचं आणि गुरांचं पाणी. दुष्काळात ही रेघही ओलांडावी लागेल, ते आम्हाला मान्य आहे. पण मग सोसायटीला पंधरा दिवस आधी सांगा, म्हणजे जाळं, बर्फ, गाडी आणि व्यापारी यांची सोय करून मासा भावानं विकता येईल. पंधरा दिवस, यापेक्षा जास्त आम्ही मागत नाही. ग्रामसभेत हा ठराव होऊ शकतो, त्याला बंगळूरला जावं लागत नाही.

शेतकऱ्यानं हे का मानावं? फुकट कुणी काही मानत नाही, आणि मानूही नये. इथंच शेततळ्याची बोटुकली कामाला येते. ज्याच्या शेततळ्यात सोसायटीची बोटुकली वाढते, ज्याला तिचे पैसे मिळतात, त्याला मोठ्या तळ्यातला मासा जगावा असं वाटायला लागतं. त्याची तूर शेततळ्याच्या पाण्यावर निघाली तर जानेवारीत मोठ्या तळ्याला मोटार लावायची त्याची घाईही कमी होते. सोसायटीनं बी, जाळं आणि मोजणी द्यायची, शेतकऱ्यानं शेततळं, शेण आणि राखण. बोटुकली नगावर मोजून सोसायटीनं घ्यायची, भाव बी सोडण्याआधीच ठरलेला. एक पानाचा कागद, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. आपल्याकडं अर्ज कन्नडात, भांडण मराठीत आणि व्यापाऱ्याशी हिशेब हैदराबादी उर्दूत चालतो, त्यामुळं कागदावर काय लिहिलंय ते दोघांनाही वाचता आलं पाहिजे.

गाळाबद्दलही बोलायलाच हवं. तळ्याचा गाळ शेतात गेला की तळं खोल होतं, शेत सुधारतं, मासाही सुखावतो. तिघांचंही भलं. पण जेसीबीवाला जिथं गाळ चांगला दिसतो तिथं खड्डा करतो आणि जातो. तळ असा खड्ड्याखड्ड्यांचा झाला की ओढजाळ चालत नाही. जाळं वरून जातं आणि मासा खाली खड्ड्यात बसून राहतो. त्यात विलायती बाभळीची खोडं अर्धवट तोडून ठेवलेली, त्यावर जाळं फाटतं. गाळ काढायच्या दिवशी सोसायटीची दोन माणसं तिथं उभी राहिली पाहिजेत, तळ सपाट आणि तुमाकडं उतरता राहिला पाहिजे, बाभळी मुळासकट निघाल्या पाहिजेत. याला पैसे लागत नाहीत, फक्त आधी निरोप लागतो.

काही जण म्हणतील, आपण मच्छीमार, आपल्याला शेतीशी काय देणंघेणं. त्यांना आपल्याच जुन्या माणसांची आठवण करून द्यावीशी वाटते. भोई आणि कोळी घराणी पावसाळ्यात मासे धरायची, नाव चालवायची, आणि नदी आटली की पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या करायची. त्याच पाण्याची ओल, त्याच पुरानं आणलेला गाळ, त्यावर उन्हाळ्याचं पीक. एकात्मिक हा शब्द त्यांना माहीत नव्हता, काम तेच होतं. पुढं वाळू गेली, तशा त्या वाड्याही गेल्या. बसवकल्याणच्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होते, होडी चालवणारे, बाराव्या शतकातले. त्यांचं नाव आपण घेतो तेव्हा पाण्यावर जगणाऱ्या माणसाला या मुलखात पूर्वीपासून जागा होती हेही आठवावं. आणि बिदरच्या नौबादची सुरंग बावडी, म्हणजे करेझ, बहामनी काळातली. जांभ्या दगडात पाणी मुरतं आणि खाली जमिनीआडून वाहतं हे ओळखून त्यांनी बोगदे काढले. जिथं जांभा आहे तिथं कागदाशिवाय शेततळं टिकत नाही, काळ्या मातीत टिकतं पण उन्हाळ्यात भेगा पडतात, ही साधी गोष्ट आजच्या कंत्राटदाराला सांगावी लागते.

बाहेर बघायचं तर दोन ठिकाणं बघण्यासारखी आहेत. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत, जी साडेबारा हजार हेक्टर आहे आणि २००२ पासून रामसर यादीत आहे, शहराच्या सांडपाण्यावर मासा, भाजी आणि भात निघतो. ते डोळे दिपवणारं आहे, पण तिथं पाणी रोज येतं. आपल्याला उपयोग मर्यादित. आपल्या कामाचं उदाहरण भंडारा-गोंदियाचं आहे. तिथली जुनी मालगुजारी तळी भाताला पाणी द्यायला बांधलेली, आणि ढीवर समाज त्यात मासे धरणारा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं तिथल्या मच्छीमार सोसायट्यांबरोबर काम केलं. बेशरम काढली, तळ्यात पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी माशांना जागा ठेवली, आणि यात ढीवर बायका पुढं होत्या. तिथंही शेतकरी आणि मच्छीमार यांचं पाणी एकच आहे. आपल्या सोसायटीची पाच माणसं तिकडं पाठवायचा खर्च एका फाटलेल्या जाळ्याहून फार जास्त येणार नाही.

योजनांचं म्हणाल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे, सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदान. किसान क्रेडिट कार्डही आता मच्छीमाराला मिळतं. पण गोल टाक्या, बायोफ्लॉक, चोवीस तास चालणारा हवेचा पंप यांवर पैसे घालण्याआधी आपल्या गावची वीज किती तास असते ते घड्याळ लावून मोजा. दोन तास हवा बंद पडली की ती टाकी संपते. तेवढ्या अनुदानात चांगलं ओढजाळ, बर्फाच्या पेट्या आणि बी वाहायला एक गाडी झाली तर आम्हाला जास्त आनंद होईल.

आता काम. ज्या सभासदांच्या ओळखीत असा शेतकरी आहे ज्याच्या शेततळ्याला कुंपण आहे आणि जुलै ते ऑक्टोबर पाच फुटांहून जास्त पाणी टिकतं, त्यांनी गाव, शेततळ्याची लांबी-रुंदी, कागद आहे की नाही, आणि जवळचं सोसायटीचं तळं किती लांब आहे एवढं सचिवांकडं मृग लागायच्या आत लिहून द्यावं. बियाची मागणी त्यानंतर एकत्र नोंदवायची आहे. उशीर झाला तर यंदाही इंचभरच बी मिळेल, आणि ते मरळाच्या पोटात जाईल.